होकायंत्र दांडीवर का चढतं?

घरी जोडलेला ड्रोन पहिल्यांदा 'लॉइटर' मोडमध्ये टाकला, की त्यानं हवेत एका जागी थांबणं अपेक्षित असतं. काही ड्रोन थांबत नाहीत. ते हलकेच डावीकडे सरकतात, मग पुढे, मग उजवीकडे, आणि बघता बघता गोल फिरायला लागतात. प्रत्येक फेरीला गोल मोठा होतो. रिमोटच्या काड्या मध्यावर असतात, वारा पडलेला असतो, पडद्यावर चौदा उपग्रह सापडल्याचं दिसत असतं. तरी ड्रोन गच्चीच्या कठड्याकडे जातच राहतो. अशा वेळी नवशिक्याचा पहिला संशय जीपीएसवर जातो आणि तो महागडा मॉड्यूल मागवतो. खरा दोष बहुतेकदा जीपीएसच्याच डबीत बसलेल्या दुसऱ्या, नखाएवढ्या चिपचा असतो. ती चिप म्हणजे होकायंत्र.

सुरतेत हा विषय रोजच्या जगण्याला जवळचा आहे. आभाळाकडे बघत वाढलेलं हे शहर आहे. इथला मांजा गुजरातभर नावाजलेला, आणि उत्तरायणाचे दोन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. लूम आणि मोटारींच्या संगतीत वाढलेल्या घरांत सोल्डरिंग, वाइंडिंग, तारांचे रंग या गोष्टी वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. त्यातच ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारनं बंदी घातली. सुट्या भागांची आयात मात्र खुली ठेवली. त्यामुळे ज्याला छंद म्हणून ड्रोन उडवायचा आहे, त्याला सुटे भाग समजून घेणं आणि जुन्या ड्रोनमध्ये नवे बसवणं शिकण्याला मोठाच अर्थ आला.

जीपीएस आणि होकायंत्र एका डबीत येतात म्हणून ते एकच काम करतात असं वाटतं. कामं अगदी वेगळी आहेत. सुरत स्टेशनच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला 'पूर्वेला शंभर पावलं जा' असं सांगितलं, तर आपण कुठे आहोत हे त्याला पक्कं ठाऊक असूनही तोंड कुठे आहे हे कळल्याशिवाय तो नीट चालू शकणार नाही. ड्रोनचंही तसंच होतं. 'तू दोन मीटर पूर्वेला सरकला आहेस' एवढं जीपीएस सांगतं. पश्चिमेला परतायचं तर कोणत्या बाजूला झुकायचं, हे होकायंत्रावरून ठरतं. होकायंत्र चाळीस अंशांनी चुकलं, तर प्रत्येक दुरुस्ती चाळीस अंश तिरकी होते. ड्रोन मूळ जागेकडे येण्याऐवजी तिच्या भोवती फिरतो, आणि चूक जितकी मोठी तितका तो गोल आवरेनासा होतो.

उपग्रहांचा हिशेब

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि अणुघड्याळाची वेळ सतत प्रसारित करतो. संदेश पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं, आणि किमान चार उपग्रहांची अंतरं जुळवून अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ शोधायची, एवढं काम रिसीव्हर करतो. ऐकायला सोपं असलं तरी जमिनीवर पोहोचणारा हा संदेश अतिशय क्षीण असतो. शेजारून जाणारी कॅमेऱ्याची केबल किंवा जवळ लावलेला व्हिडिओ ट्रान्समीटर त्याला सहज दाबून टाकतो. नवा मॉड्यूल बसवूनही उपग्रह कमी दिसत असतील, तर आधी कॅमेरा बंद करून पाहावं. त्यानं आकडा वाढला, तर रोग सापडला.

२००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सर्वसामान्यांसाठीच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. ती थांबली आणि मग छंदी लोकांना परवडणारे रिसीव्हर कामाचे झाले. ड्रोनच्या दुनियेत स्वित्झर्लंडच्या यू-ब्लॉक्स कंपनीच्या चिप सर्वात परिचित आहेत. जुन्या ड्रोनमध्ये सर्रास आढळणारा निओ-६एम फक्त अमेरिकेचे जीपीएस उपग्रह ऐकतो. त्यानंतरची एम८ मालिका रशियाचं ग्लोनास, चीनचं बायदू किंवा युरोपचं गॅलिलिओ यांतल्या काहींना जीपीएसच्या जोडीनं ऐकू लागली. एम१० मालिका या चारही यंत्रणा एकाच वेळी ऐकते, आणि वीजही कमी खाते.

याचा फायदा अचूकतेपेक्षा भरवशात जास्त दिसतो. मोकळ्या आकाशाखाली निओ-६एमची नमूद अचूकता अडीच मीटर आहे, एम१०ची दीड मीटरच्या आसपास. म्हणजे निम्म्या वेळा ड्रोन त्या वर्तुळाच्या आत असेल. हा फरक डोळे दिपवणारा नाही. पण अडाजण किंवा वेसूच्या उंच इमारतींमध्ये अर्धं आकाश झाकलेलं असताना एका यंत्रणेचे पाच-सहाच उपग्रह उरतात, तेही आकाशाच्या एकाच पट्टीत. चार यंत्रणा असतील तर तेवढ्याच आकाशात पंधरा-वीस मिळतात आणि ते चहूकडे पसरलेले असतात. भिंतींवर आपटून उशिरा आलेले खोटे संदेश ओळखून बाजूला काढायलाही रिसीव्हरला वाव मिळतो.

सुरतेच्या माथ्यावर आणखी एक गोष्ट आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात इलेक्ट्रॉनांची दाटी झालेले दोन पट्टे आहेत. उत्तरेकडचा पट्टा गुजरातवरून जातो. या थरातून येताना उपग्रहाचा संदेश रेंगाळतो, कधी थरथरतो. सुरतेच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एसव्हीएनआयटीत, जीपीएसच्या संदेशांवरूनच या थराचा अभ्यास झालेला आहे. सूर्यावरची उलथापालथ जोरात असलेल्या वर्षांत, मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंत ही थरथर अधिक असते. सकाळी गच्च बसलेला ड्रोन संध्याकाळी दोन-चार मीटर सरकू लागला, तर हार्डवेअर उघडण्यापूर्वी घड्याळाकडे पाहावं. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून उभारलेली 'गगन' यंत्रणा याच विलंबाची दुरुस्ती उपग्रहावरून पाठवते. यू-ब्लॉक्सच्या एम८ आणि एम१० चिप ती ऐकू शकतात. मात्र सेटिंगमध्ये ती सुरू आहे ना, हे तपासावं लागतं.

दहा अँपिअरची तार

आता होकायंत्राकडे वळू. सुरतेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा भाग सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे. होकायंत्राला उत्तर दिशा याच भागातून कळते. भूगोल इथे ड्रोनवाल्याच्या बाजूनं आहे. ध्रुवांकडच्या देशांत चुंबकीय रेषा जवळपास सरळ जमिनीत शिरतात आणि आडवा भाग दुबळा राहतो. सुरतेत त्या तीसेक अंशच खाली झुकतात. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांच्यातला फरकही इथे एका अंशापेक्षा कमी आहे.

निसर्गानं दिलेलं हे वरदान माणूस बॅटरीच्या तारेनं घालवतो. सरळ तारेतून दहा अँपिअर वीज वाहत असेल, तर पाच सेंटिमीटरवर ती सुमारे ४०,००० नॅनोटेस्लाचं क्षेत्र निर्माण करते. म्हणजे पृथ्वीच्या आडव्या क्षेत्राच्या बरोबरीचं! हे क्षेत्र पृथ्वीच्या आडव्या क्षेत्राला काटकोनात असेल, तर सुई सुमारे पंचेचाळीस अंश फिरेल. चार मोटारींचा मध्यम ड्रोन नुसता तरंगतानाही दहा-पंधरा अँपिअर सहज ओढतो, आणि थ्रॉटल वाढवला की त्याहून कितीतरी जास्त. म्हणूनच जमिनीवर शांत असताना होकायंत्र बरोबर दाखवतं आणि उड्डाण घेताच भरकटतं. टेबलावर सगळं ठीक दिसतं, चूक फक्त हवेत प्रकटते.

हा धडा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सव्वाशे वर्षांपूर्वी शिकला गेला. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित नोंद होत होती. १ आणि २ सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची दुर्मीळ नोंद कुलाब्यात झाली. तिथलं आडवं क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लानं घसरलं होतं. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं घाटत होतं. ट्रामच्या विजेनं सुया हलतील आणि साठ वर्षांची नोंद खराब होईल, हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. बांधकामासाठी पोरबंदरचा दगड वापरला, लोखंड कटाक्षानं टाळलं. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग इथे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्याशी नेमकी जुळवता यावी. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली, तेव्हा उपकरणं खाडीपलीकडे सुरक्षित होती. ती नोंद आजही सुरू आहे आणि भारतीय भूचुंबकत्व संस्था ती सांभाळते.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. माणसानं नोंदलेल्या सर्वात मोठ्या सौरवादळांपैकी एकानं कुलाब्याला १,६०० नॅनोटेस्लाचा धक्का दिला. ड्रोनच्या आत पाच सेंटिमीटरवरची एक तार त्याच्या पंचवीस पट धक्का देते. मूस यांनी उपकरण नवं घेण्यापेक्षा ते दूर नेण्यावर भर दिला, आणि ड्रोनच्या बाबतीत नेमकं तेच शहाणपण कामी येतं. अंतर दुप्पट केलं की सरळ तारेचा त्रास निम्मा होतो. तारांची जोडी एकमेकींना पीळ देऊन नेली, तर जाणारी आणि येणारी वीज एकमेकींचं क्षेत्र जवळजवळ पुसून टाकतात. या दोन उपायांना खर्च जवळपास शून्य आहे.

छंदी ड्रोनच्या जगानंही हे अनुभवातून स्वीकारलं. अर्डुपायलट या ड्रोन उडवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या एपीएम २.५ या कंट्रोलरच्या बोर्डावरच होकायंत्र होतं, मोटारींच्या तारांच्या अगदी शेजारी. पुढच्या २.६ आवृत्तीत ते बोर्डावरून काढून जीपीएसच्या डबीत हलवलं. डीजेआयच्या नाझा कंट्रोलरसोबत येणारी, उभ्या दांडीवर बसवायची गोल डबी याच कारणानं जन्मली. आज पिक्सहॉक या कंट्रोलरच्या बोर्डावर होकायंत्र असतंच. तरी जाणकार बाहेरच्या होकायंत्राला पहिलं स्थान देतात आणि आतलं बंद ठेवतात.

गच्ची, पत्रा आणि काळी रेती

होकायंत्राला दोन प्रकारचं लोखंड छळतं. एक स्वतःच चुंबक झालेलं, ड्रोनबरोबर फिरणारं: पोलादी स्क्रू, मोटारीतले चुंबक, बझर. दुसरं स्वतः चुंबक नसलेलं, पण पृथ्वीच्या क्षेत्राला वाकवणारं. हा भेद लोखंडी जहाजांनी शिकवला. सुरतेचे लवजी वाडिया अठराव्या शतकात मुंबईला गेले आणि त्यांच्या घराण्यानं सागवानी जहाजं बांधली, तेव्हा जहाजाचा सांगाडा सुईला फारसा त्रास देत नव्हता. एकोणिसाव्या शतकात लोखंडी जहाजं आली, सुया चुकू लागल्या, आणि होकायंत्राभोवती चुंबक व लोखंडाचे गोळे ठेवून चूक मारायची पद्धत रूढ झाली. ड्रोनचं कॅलिब्रेशन म्हणजे हीच दुरुस्ती गणितानं करणं. ड्रोन सर्व बाजूंनी फिरवताना मिळालेल्या आकड्यांवरून कंट्रोलर शोधतो, की कायमची चूक किती आणि कोणत्या दिशेला.

पण ड्रोनवरचं लोखंड ड्रोनबरोबर फिरतं म्हणूनच हे गणित चालतं. जागेवरचं लोखंड फिरत नाही. गच्चीच्या स्लॅबमध्ये सळ्यांची जाळी असते, कारखान्यावर पोलादी कैच्या आणि पत्रा, शहरात मेट्रोच्या कामाचे लोखंडी सांगाडे. गच्चीवर केलेलं कॅलिब्रेशन त्या स्लॅबला धरून केलेलं असतं; ड्रोन दहा मीटर वर गेला की स्लॅब मागे राहतो आणि चुकीची दुरुस्ती सोबत जाते. कॅलिब्रेशनसाठी मोकळं शेत किंवा मातीचं मैदान हवं, मोटारसायकलपासून दूर. खिशातला मोबाइल, किल्ल्या, हातातलं घड्याळ आधी बाजूला ठेवावं. डुमसची रेती काळी आहे, आणि काळ्या रेतीत कुठे कुठे चुंबकाला चिकटणारे कण असतात. तिथे उतरायचंच असेल, तर आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला चुंबक रेतीतून फिरवून पाहावा. कण चिकटले, तर कॅलिब्रेशन दुसरीकडे करावं आणि उड्डाणासाठी लाकडी फळी मांडावी. मोटारींमध्येही चुंबक असतात. असे कण आत शिरले की बेअरिंगची वाट लागते.

प्रत्यक्ष काम

मॉड्यूल घेताना दोन्ही चिपची नावं विचारावीत. बाजारात एम८एन लिहिलेल्या डब्यांत दुसरीच चिप निघाल्याचे प्रकार जगभर झालेले आहेत. यू-ब्लॉक्सच्या यू-सेंटर या संगणकीय प्रोग्रॅममध्ये जोडून पाहिलं की खरं नाव कळतं. होकायंत्राबाबत सावधगिरी अधिक हवी. हनीवेलची एचएमसी५८८३एल ही लोकप्रिय चिप बंद झाली आणि तिच्या जागी क्यूएमसी५८८३एल आली. नावं सारखी, पण आतला पत्ता आणि बोली निराळी. जुन्या फर्मवेअरला ती दिसतच नाही, आणि विकत घेणाऱ्याला वाटतं वस्तू खराब निघाली. आयएसटी८३१० असलेले मॉड्यूल आता सहज मिळतात. आरएम३१०० महाग आहे, पण गोंगाटात अधिक स्थिर राहतं.

डबीतून सहा तारा येतात. दोन विजेच्या. दोन जीपीएसच्या, आणि त्या उलटसुलट जोडायच्या असतात: एकाचं 'टीएक्स' दुसऱ्याच्या 'आरएक्स'ला. उरलेल्या दोन, एसडीए आणि एससीएल, होकायंत्राच्या. त्या मात्र सरळच जोडायच्या. जीपीएस चालतं पण होकायंत्र सापडत नाही अशी तक्रार असेल, तर आधी या दोन तारा तपासाव्यात.

दांडी दहा-पंधरा सेंटिमीटर उंच, कार्बन किंवा अ‍ॅल्युमिनियमची, स्क्रू नायलॉनचे. दांडी डुलता कामा नये. अँटेनाचा चौकोनी सिरॅमिक तुकडा आकाशाकडे, आणि डबीवरचा बाण ड्रोनच्या नाकाच्या दिशेनं. बाण वेगळ्या दिशेला ठेवावा लागला, तर तेवढे अंश सेटिंगमध्ये सांगावे लागतात. पंखे काढलेले असतानाच हे सगळं उरकावं.

कॅलिब्रेशननंतरची एक परीक्षा अनेक जण गाळतात, आणि तीच सर्वात मोलाची आहे. अर्डुपायलटमध्ये 'कॉम्पासमॉट' नावाची चाचणी आहे. पंखे उलटे करून आणि जागा बदलून बसवतात, म्हणजे हवेचा जोर ड्रोनला खाली दाबतो. ड्रोन घट्ट बांधून ठेवतात आणि थ्रॉटल हळूहळू वाढवतात. वीज वाढताना होकायंत्र किती ढळलं, ते टक्क्यांत समोर येतं. ३० टक्क्यांखाली उत्तम, ३० ते ६० मध्ये विचार करायला हवा, ६० च्या वर गेलं तर दांडी उंच करावी किंवा तारांचा मार्ग बदलावा. ज्याच्या हातात हा आकडा आहे, त्याला अंदाजानं नवे भाग घेत बसावं लागत नाही.

पहिल्या उड्डाणाआधी उपग्रहांची संख्या पाहून भागत नाही. 'एचडॉप' हा आकडाही पाहायचा. उपग्रह आकाशात किती चांगले विखुरले आहेत हे तो सांगतो, आणि जितका लहान तितका चांगला. अर्डुपायलट साधारण १.४ च्या वर उड्डाणाला परवानगी देत नाही. ही अडवणूक बंद करायचा मोह टाळावा. मोटारी सुरू होतात त्या क्षणी ड्रोन 'घर' कुठे ते लक्षात ठेवतो. तेव्हाची जागा चुकीची असेल, तर संकटात तो दुसऱ्याच गच्चीवर परतेल. मग मोकळ्या मैदानात, माणसांपासून लांब, चार-पाच मीटर उंचीवर लॉइटर लावावं, नाक चारही दिशांना वळवून प्रत्येक वेळी थोडं थांबावं. एका दिशेला स्थिर आणि दुसरीकडे सरकणारा ड्रोन होकायंत्राची चूक उघड सांगत असतो.

नियमही याच तयारीचा भाग आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येतो. २४५ ग्रॅमच्या ड्रोनवर नवी डबी आणि दांडी चढली, की गट बदलतो. दोन किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनला बिनव्यावसायिक वापरासाठी पायलट प्रमाणपत्र लागत नाही. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, पण विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आतला भाग हिरवा नसतो, आणि आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात मर्यादा २०० फुटांवर येते. मगदल्ल्याच्या विमानतळामुळे शहराचा पश्चिम भाग मोठ्या प्रमाणात या कक्षेत येतो. उड्डाणाआधी सरकारचा ऑनलाइन नकाशा पाहणं त्यामुळे अनिवार्य आहे.

पुढची पायरीही आता आवाक्यात येते आहे. गावठाणांची मोजणी करणाऱ्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन जमिनीवरच्या संदर्भ केंद्रांच्या मदतीनं काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतात. त्याच तंत्राचा यू-ब्लॉक्स एफ९पी रिसीव्हर छंदी लोकांनाही मिळतो, आणि असे दोन रिसीव्हर ड्रोनच्या दोन टोकांना लावले, तर होकायंत्राशिवायच दिशा काढता येते. भारताच्या 'नाविक' यंत्रणेचे सुरुवातीचे उपग्रह एल५ आणि एस पट्ट्यांत बोलत, आणि छंदी ड्रोनमधले बहुतेक स्वस्त मॉड्यूल एल१ पट्टाच ऐकतात. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून इस्रोनं नाविकमध्ये एल१ जोडला. यापुढे मॉड्यूल घेताना माहितीपत्रकात तीन ओळी शोधाव्यात: एल१सह नाविक आहे का, गगन आहे का, आणि होकायंत्राची चिप कोणती.